वर गेली म्हंजी मेली न्हाई

माजा डावा डोळा एका शेऱ्यापायी गेला. त्यो शेरा लिवनाऱ्या बाईवर माजा राग न्हाई. राग हाय भोरातल्या सायबावर. मरंस्तवर ऱ्हाईल.

आमचं गाव हिर्डोशीकडं. खाली गाव, वर डोंगरात वाडी. लेक वाडीला दिलीया. नाचनी लावायला मी तिच्याकडं गेले, आनि त्याच दिशी डोळ्याच्या शिबिराची बाई मोबाईल घिऊन घरी आली. माज्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलाच व्हता, ऑपरेशनच्या यादीत नाव व्हतं. दाराला कडी बघून तिनं शेजारनीला ईचारलं, "म्हातारी कुठं?"

"वर गेली."

बाईनं तसंच मोबाईलात घातलं.

भोरच्या हापिसात ती यादी आता मानूस बघत न्हाई. कांपुटरातली एआय बघती, तिला एजंट म्हनत्यात. मला वाटलं एजंट म्हंजी बाजारातला बैलांचा दलाल. तसं न्हाई. ती यादी उघडती, शेरा वाचती, ज्याची पाळी त्याला फोन लावती. तिनं 'वर गेली' वाचलं आनि मला सरनावर घातलं.

मी फोनची वाट बघत बसले. मोती आतल्या आत फुटला. ठनका उठला तवा यष्टीनं भोरला गेले. सायेब यादी बघून हसला.

"आजी, तुम्ही तर वर गेलात की हो!"

"गेल्ते. नाचनी लावून आले."

त्यो डोळा परत आला न्हाई. पन सायबाचं दात दिसल्यालं मला अजून दिसत्यात.

मागनं म्हनला, चूक मशीनची. म्या ईचारलं, "तिला काम सांगितलं कुनी?"

"मीच लिहून दिलंय."

"वाचा की."

वाचलं त्यानं. 'ही रुग्णांची यादी. शेरा वाचून नाव ठेवायचं की काढायचं ते ठरव.'

"फुडं?"

"एवढंच."

मी नवी सून व्हते तवा सासूनं चुलीकडं बोट केलं, म्हनली, "करा सैपाक." फळीवर दोन बरन्या. एकीत मीठ, एकीत पापडखार, दोनी पांढरं. म्या आमटीत खार घातला. समद्यांनी आमटी थुकली, सासूनं फुकनीनं पाठ काळीनिळी केली. न सांगनारी मोकळी, मार ऐकनारनीला. दुसऱ्या दिशी म्या खाराच्या बरनीला काळा दोरा बांधला. त्या घरात परत कुनी चुकलं न्हाई. म्हनून मशीनवर बी माजा राग न्हाई. ती बी नवी सूनच.

"सायेब, नीट लिवा. मी सांगते."

"आजी, तुमची शाळा किती?"

"दुसरी. तुमची लई झाली, तरी दोनच वळी लिवल्या."

मग रोज सकाळच्या यष्टीनं जायची, त्याच्या म्होरच्या बाकड्यावर बसायची. जे मानूस शेजारी बसंल त्याला डोळा दाखवायची आनि बोटानं सायेब दाखवायची. चौथ्या दिशी त्यानं कांपुटर माज्याकडं वळवला.

"सांगा."

"'वर गेली' म्हंजी वाडीला गेली. 'खाली गेली' म्हंजी भोरला गेली. 'दिवस गेल्यात' म्हंजी पोटुशी हाय. 'जीव गेला' म्हंजी मेली."

"तुमच्याकडं जाणं तरी किती प्रकारचं!"

"जानं लई हाय. मरान एकच. आता लिवा, नुसत्या शेऱ्यावरनं नाव काढायचं न्हाई. आधी फोन लावायचा. न्हाई लागला तर मानूस घरी धाडायचा. मानसानं सांगितल्याबिगर कुनाला मारायचं न्हाई."

हे समदं त्यानं लिवलं.

"आता खाली लिवा, हे आधी लिवलं न्हाई म्हनून एका बाईचा डोळा गेला."

त्याचा हात थांबला. "ते कशाला? मशीनला त्याचं काय?"

"मशीनसाठी न्हाई. तुमच्यासाठी."

"आजी, वरचे लोक वाचतात हे."

"वाडीवरचं?"

बाकड्यावरची मानसं हसली. या खेपंला त्याचं दात दिसलं न्हाईत.

"त्यापेक्षा असं लिहितो, 'नोंदीत चूक झाली'. चालेल?"

"न्हाई. डोळा लिवा. न्हाईतर मी उद्या येतेच."

लिवलं. बाकड्यावरच्या एका पोरीकडनं म्या वाचून घेतलं, दोनदा. सायबावर माजा इस्वास न्हाई.

उजव्या डोळ्याची पाळी आली तवा मी परत वाडीलाच व्हते. लेकीचा नंबर म्या यादीत दिल्ता, तिच्या मोबाईलवर फोन आला. बाईचा आवाज, पन मशीनच. "नोंदीत 'वर गेली' असं आहे. आजी वाडीवर आल्या आहेत का?"

"आल्याय," म्या म्हनलं, "आनि जित्ती हाय."

उजवा डोळा वाचला. पट्टी निघाली तवा भोरच्या हापिसात मुद्दाम गेले, सायेब नीट बघायला. त्यो उठून उभा ऱ्हायला. चहा सांगितला. म्या घेतला न्हाई.

"आजी, झालं ना आता सगळं नीट? मग ती डोळ्याची ओळ काढू का?"

"माजं नाव काढलं तवा मला ईचारलं व्हतं का?"

त्यो खाली बसला. ती वळ अजून हाय. दर म्हयन्याला मी एक बाई धाडते वाचायला.