शिळं पाणी आणि सोनाराचा डबा

मंगरूळपीरच्या आमच्या घरात, ओट्याच्या कडेला, पिठाच्या डब्याला खेटून एक यंत्र गुणगुणत असतं. मूळचं सोनाराचं, दागिने धुवायचं. त्याने विकायला काढलं आणि माझ्या बायकोने घेतलं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला पीएचडीची हुक्की आली. कॉलेजात वीज टिकत नाही, घरी इन्व्हर्टर आहे. म्हणून संशोधन थेट स्वयंपाकघरात आलं.

तिचा विषय हळद. शिरपूरकडच्या हळदीची पूड द्रावकात घालायची, ती बाटली यंत्रातल्या पाण्यात उभी करायची आणि कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यात सोडायचा. त्या आवाजाने पाण्यात बारीक बुडबुडे जन्मतात, फुगतात आणि पापणी लवायच्या आत कोसळतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजाच्या पंख्याला खड्डे पाडणारे बुडबुडे हेच. हळदीच्या कणांची कवचं फोडून ते रंग भराभर बाहेर काढतात. घरी येईल त्याला मी हे हातवारे करून सांगतो. कोसळणं तर मी खुर्चीवरून घसरून दाखवतो.

तिच्या मार्गदर्शक सरांना मात्र हा सोनाराचा डबा पसंत नव्हता. "त्यात जोर आहे का ते मी येऊन बघतो," ते अमरावतीहून फोनवर म्हणाले. "नसेल तर विषय बदला." म्हणजे आजवरचं सगळं काम वाया.

जोर तपासायची रीत सोपी. पोळ्या गुंडाळायची फॉइल पाण्यात धरायची. बुडबुडे नीट कोसळत असतील तर मिनिटभरात तिची चाळण होते. बायकोच्या फॉइलची रोज होत होती.

सर आले. बायकोने फॉइल बुडवली, बाहेर काढली. एकही भोक नाही. दुसरी बुडवली. तीही धडधाकट.

"पोळ्या बांधायला उत्तम," सर म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. मला सुचलेला विनोद मी गिळला, हे नोंदवण्याजोगं आहे.

सरांनी यंत्रात बोट बुडवलं. "पाणी कधीचं आहे?"

"आठवड्याचं, सर. आमच्याकडे नळ रोज येत नाही. तेच तेच वापरते."

आतून माझी आई पदर खोचत आली. "कायचं आठवड्याचं! सकायीच फेकलं म्या. माठातलं गारेगार भरलं."

"आई! काहून पण?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? पाव्हना अमरावतीहून येऊन राह्यला अन् त्याच्यापुढं शिळं पानी मांडू? लोक काय म्हनतीन मले?"

बायकोने आईकडे पाहिलं, मग सरांकडे. "हवा!" ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. ताज्या, गार पाण्यात हवा भरपूर विरघळलेली असते. ती बुडबुड्यात शिरते आणि गादीसारखी आडवी येते; बुडबुडा जोरात कोसळत नाही, नुसता दबतो. शिळ्या पाण्यातली हवा यंत्र आठवडाभर चालून कधीच निघून गेलेली होती. नळाच्या कृपेने बायकोला हे कधी दिसलंच नव्हतं.

"आई, पातेलंभर पाणी उकळा," बायको म्हणाली.

"चहाचं?"

"नाही, प्रयोगाचं."

"मंग चहा?"

"तोही ठेवा."

दोन्ही शेगड्या पेटल्या. उकळलेलं पातेलं परातीतल्या पाण्यात निववलं आणि न हिंदकळवता यंत्रात ओतलं. सरांचा चहा संपेपर्यंत ते कोमट झालं. या वेळी फॉइल सरांनीच धरली. मग ती खिडकीशी नेऊन डोळ्यासमोर केली. त्यांच्या शर्टावर उजेडाचे ठिपके पडले.

"विषय हाच राहू द्या," ते म्हणाले. "पण प्रत्येक प्रयोगाआधी पाणी किती वेळ चालवलं ते लिहायचं. आजवर लिहिलं नसेल, तर ते प्रयोग पुन्हा करायचे."

"सगळे?"

"सगळे."

बायकोला हसावं की रडावं कळेना. निघताना सरांनी प्यायला पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन दारात थांबली.

"ताजं देऊ, का तुमच्या कामाचं शिळं?"