ट्रॉलीची तार

भडगावला आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंपाची मोटार जळून आली की जुनी तार उपसायची, नवी भरायची. हे काम मला सासऱ्यांनी, आबांनी शिकवलं. नवरा मास्तर, त्याला ग्रीसच्या वासानेच मळमळतं. मग आबांनी सुनेलाच शेजारी पाट टाकून बसवलं. गल्ली फिदीफिदी हसली. आबा म्हणाले, "हसू दे माय. त्यासनी मोटार जळनी म्हंजे आठेच येतीन." आणि आले की सगळे इथेच!

गेल्या वर्षी मला चिकुनगुन्या झाला आणि बोटांनी दगा दिला. चहाचा कप धरवेना, तिथे केसाएवढी तार काय धरणार? तीन महिने शटर बंद. घरात सगळ्यांचं एकच, बस झालं आता. चाळीसगावचा एकजण रविवारी वाइंडिंगचं मशीन विकत न्यायला येणार होता. हो, विकते असं मीच म्हटलं होतं, आणि म्हटल्यापासून भांडी आपटत होते.

तेवढ्यात पुण्याहून लेकीचं खोकं आलं. आत खेळण्यातली, विजेवर चालणारी वीतभर ट्रॉली, म्हणजे जुन्या मुंबईतल्या ट्रामसारखी गाडी, एक पिटुकली बस आणि रस्त्यात बसवायचे पितळी रूळ. दोन्ही गाड्यांच्या टपावर तारेला टेकणारी दांडी. वरच्या तारेतून वीज येणार, रुळातून परत जाणार. "डॉक्टर म्हणाले ना, बोटं हलती ठेवा," लेक म्हणाली. "मी काय खेळायच्या वयाची आहे?" म्हणून मी फोन आपटला आणि लगेच खोकं फोडलं.

प्लायवर रस्ता आखला, खाचा कोरल्या, रूळ ठोकले, खांब उभे केले. बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर स्वतः भरला. दोन दिवसांच्या कामाला पंधरा दिवस लागले. बोटं ठणकायची. रडलेसुद्धा, खोटं कशाला सांगू? खोक्यातली वरची तार कमी पडली. म्हटलं, तार तर आपल्या घरची! दुकानातलं रीळ आणून सगळीच तार नवी ओढली, टोकं खरडली, जोड मारले.

शनिवारी दुपारी बटण दाबलं. ट्रॉली ढिम्म! बस ढिम्म! जोडांवर मीटर लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीज बरोबर. रूळ बरोबर, ट्रान्सफॉर्मर बरोबर. मी कपाळाला हात लावला. न्या बाबा मशीन उद्या. बोटं गेलीच आहेत, डोकंही गेलं.

आबा खाटेवर होते. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. चाचपडत आले, जोडांवरून बोट फिरवलं, मग मधल्या तारेवर नख ओढलं आणि खो खो हसत सुटले.

"माय, बठ्ठा तारले वार्निश शे!"

अग्गोबाई! सगळ्या तारेवरच की! वाइंडिंगच्या तारेला वार्निशचा पातळ थर असतो, नाहीतर वेढे एकमेकांना लागून मोटार जळेल. आम्ही फक्त टोकं खरडतो. तीस वर्षांची सवय! पण ट्रॉलीची दांडी तर तारेवर मधेच घासते. तिला वीज मिळणार कुठून? असला वेडेपणा वाइंडिंगवालाच करू जाणे.

पॉलिश पेपर घेऊन एकीकडून ते बसले, दुसरीकडून मी. तार लखलखली. बटण दाबलं तशी ट्रॉली निघाली, मागून बस. आबांना त्या दिसत नव्हत्या. त्यांनी प्लायवर तळहात ठेवला आणि थरथर हाताला लागली तसे हसले.

मग म्हणाले, "जोड कसा गुळगुळीत शेतस! भूल डोकानी शे, बोटेसनी नही. मंग मशीन कसाले इकस?"

खरंच, कशाला विकायचं? या माणसाने मला दोनदा पाटावर बसवलं. त्यांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

डोळे पुसले आणि तिथूनच चाळीसगावला फोन लावला. "भाऊ, माफ करा, मशीन द्यायचं नाही." तो चांगलाच चिडला.

चिडू दे. त्याचीही मोटार कधीतरी जळेलच.