अपेक्षित उत्तर: आई
गुंडाळी फळा उलगडला की कापडात मुरलेल्या खडूचा वास येतो, आणि मी पाथर्डीकडच्या त्या शाळेत जाऊन पोचते. ब्याण्णव-त्र्याण्णवचा हिवाळा असावा. माझा डी.एड.चा सराव पाठ होता आणि मागे खुर्चीवर कॉलेजच्या मॅडम गुण द्यायला बसल्या होत्या. विषय होता ‘आपलं कुटुंब’. सुरुवातीचे प्रश्न आणि त्यांची अपेक्षित उत्तरं मी घोकून आले होते. ‘सकाळी तुम्हाला कोण उठवतं?’ मी विचारलं. पुढच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. ‘कोनी न्हाई बाई, मीच उठते. मंग भावाला उठवते. आई-आबा ऊस तोडाया गेल्यात.’ माझ्या टाचणात उत्तर ‘आई’ होतं. ते आल्याशिवाय पुढचा प्रश्न जुळतच नव्हता. मागे मॅडमचं पेन थांबलेलं दिसलं आणि मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिनं एकदा मागे वळून मॅडमकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग हळूच म्हणाली, ‘आई उठवती, बाई.’ पाठ पुढे सरकला. मॅडमनी शेरा लिहिला, ‘मुलांचा प्रतिसाद उत्तम.’ आता माझ्या वर्गात एखादं मूल मला हवं तेच उत्तर देतं, तेव्हा शाबासकी ओठांवरच अडते. वाटतं, हेही मला सांभाळून घेत असेल.