भावजींची सकाळी सहाची मेल

माझे धाकटे दीर आइस्क्रीमच्या कारखान्यात शीतगृहाचा संगणक सांभाळतात. घरातही ते नोंद केल्यासारखेच बोलतात. "सात दहा, दूध उतू गेलं. सात बारा, गॅस बंद."

"मग सात अकराला हात कुठे होते तुझे?" सासूबाई विचारतात.

शीतगृहाचं तापमान किती, दार कधी आणि कुणाच्या कार्डाने उघडलं, हे सगळं तो संगणक एका फाइलीत लिहीत असतो. मेलला जोडलेली फाइल उघडायचा साहेबांना कंटाळा. म्हणून भावजींनी काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप करून ठेवली: रोज सकाळी सहाला कालची फाइल साध्या मजकुराची मेल होऊन साहेबांकडे जायची. चाचणीपुरता त्यात माझाही पत्ता घातला आणि काढायला विसरले. तीन वर्षं मी चहाबरोबर शीतगृह वाचते आहे. सांगितलं असतं तर बिचारे ओशाळले असते, आणि मला सवयही लागली होती.

परवा भावजी ताटावर नुसते बसून राहिले.

"बारा तारखेचा सगळा माल एकदा वितळून पुन्हा गोठलाय. आता दुकानांतून परत येतोय. साहेब म्हणतात, तुमचं लक्ष नव्हतं, सोमवारपासून येऊ नका."

"फाइल दाखवा की त्यांना."

"आठवड्याने पुसतो मी. जागा अडते."

"आणि सहाची मेल?"

"साहेबांनी उडवली असणार."

"तुम्ही तरी वाचली होती?"

"मी पाठवतो, वहिनी. वाचायची साहेबांनी."

मी फोन काढला. "बारा तारीख. चार दहा ते चार पन्नास दार सताड उघडं. मला तेव्हाच वाटलं होतं, काय ही माणसं."

भावजींचे कान लाल झाले. "हे तुमच्याकडे कसं?"

"चाचणी चालू आहे अजून. कार्ड नंबर एक म्हणजे कोण?"

त्यांनी ताट पुढे ओढलं. "साहेब. पाहुण्यांना कारखाना दाखवत होते."

मी ती मेल तिथल्या तिथे भावजींना पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारीच ते घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "अकरा वीस, साहेबांनी मेल वाचली. अकरा बावीस, सोमवारी या म्हणाले."

"आणि अकरा एकवीसला?" सासूबाईंनी विचारलं.

"पाणी प्यायले."