डाव्या हाताचा पिक्चर

आमच्या घरात भांडण एकच. लग्नाच्या पहिल्या महिन्यात लागलं, आम्ही दोघं म्हातारे झालो तरी मिटलं न्हाई. तिचा पिक्चर चांगला, का माझा?

माझा म्हणजे दरोडेखोरांचा. नांदेडला आयटीआयला होतो तेव्हा लागला होता. तास बुडवून बघितला, आणि आठ दिवसांत परत जाऊन बघितला. घोडे, धूळ, उघडे डोंगर, आणि शेवटी एकटा माणूस सगळ्या टोळीला पुरून उरतो. पुढं लातूरला एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांखाली पडून जिंदगी गेली, पण डोक्यात घोडेच पळायचे. तिचा म्हणजे सुनेचा. गरीब घरची सून, खाष्ट सासू, कमी बोलणारा सासरा आणि एक चूल. बस्स. मी म्हणायचो, ह्याला पिक्चर म्हणायचं तर आपल्या घरी रोजच खेळ चालू हाय, दारात तिकीट लाव. ती म्हणायची, तुमचा हिरो महिना महिना डोंगरात फिरतो, त्याला भाकर कोण करून देतं ते आधी दाखवा.

लेक आम्हाला हसायची. दोन्ही निराळे पिक्चर, ह्यांची बरोबरी कशी करता, म्हणायची. अगं, बरोबरीचं असतं तर भांडलोच कशाला असतो?

पण बायकोसाठी ती गोष्ट निव्वळ पिक्चरची नव्हती. ती डावरी. लहानपणी तिची आई डावा हात फडक्यानं बांधून तिला जेवायला बसवायची. मुरुडला, तिच्या माहेरी, जत्रेत मैदानात पडदा लावून पिक्चर दाखवायचे. तिथं ह्या एवढ्याशा पोरीनं बघितलं, की पडद्यावरची सून डाव्या हातानं भाकरी थापायली, डाव्या हातानं कुंकू लावायली, आणि डाव्याच हातानं सासऱ्याला वाढायली. आणि सासरा निमूट जेवला. दुसऱ्या दिवशी आईनं हात बांधायला फडकं घेतलं तर हिनं हात मागं घेतला तो घेतलाच. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच पंगतीत तिनं माझ्या वडिलांना डाव्या हातानं भात वाढला. माझी आई भडकली. ही खाली मान घालून, पण चांगली ऐकू येईल अशी बोलली, "पिक्चरमधल्या सासऱ्याला चाललं." वडील हसले आणि जेवले. त्या घरात मग तिच्या हाताचं नाव कोणी काढलं न्हाई.

मला खरं कळलं ते डेपोच्या कँटीनमध्ये. दुपारी टीव्हीवर तोच पिक्चर लागला होता. चहाचा घोट घेतला आणि बघतो तर सून उजव्या हातानं भाकरी थापायली. मला वाटलं दुसराच पिक्चर असंल. पण तीच चूल, तोच सासरा, तोच वाढायचा शीन. मग डोक्यात उजेड पडला. मुरुडला पडद्याची पुढची बाजू बाप्यांची. बायका-पोरी पडद्याच्या मागं बसायच्या, तशी रीतच होती. मागून बघितलं की सगळं उलटं दिसतं, उजवं ते डावं. नावांच्या पाट्याही उलट्या दिसल्या असतील, पण तिला तेव्हा वाचता कुठं येत होतं? आणि सुनेच्या हातापुढं बाकीच्यांचे हात बघते कोण!

मी घरी काही बोललो न्हाई. एकदा भांडण लई पेटलं तेव्हा ओठावर आलं होतं, की मग तुझा पिक्चरमधला सासरा कोणत्या हातानं जेवतो ते सांग. गिळलं. हुकुमाचा एक्का हातात असून आयुष्यभर हरत राहिलो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं न्हाई. तो पिक्चर परत बघायचाय म्हणाली की मी म्हणायचो, असले जुने पिक्चर आता कुठं मिळतात.

आता लातूरच्याच दवाखान्यात तिचं केमो चालू हाय. उजव्या हाताच्या शिरा पार गेल्यात. सुई लावताना सिस्टर रोज म्हणायची, मावशी, आज डावा द्या. ही ऐकायची न्हाई. "तो हात तुमाला, हा मला," म्हणायची आणि त्या डाव्या हातानं पेज प्यायची, अर्धी सांडायची, पण कोणाला भरवू द्यायची न्हाई. मग माझ्याकडं बघून म्हणायची, तुमच्या घोडेवाल्याला असलं दुखणं आलं असतं तर कवाच पळाला असता. मला त्यातच आधार होता. भांडायली म्हणजे हाय, एवढाच माझा हिशोब. डॉक्टर काय सांगायचे ते माझ्या कानावरून जायचं.

गेल्या सोमवारी लेक फोन घेऊन आली. आईला खूश करायचं म्हणून तिनं तो पिक्चर शोधून काढला होता. मी म्हणलं, आज नको, तिला झोपू दे. पण हिनं तोवर फोन घेतलाबी होता. उशीला टेकून बघत बसली. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. वाढायचा शीन आला.

"उजव्या हातानं वाढायली की ओ."

मी म्हणलं, फोनात उलटंच दिसतंय, आपलाच फोटो काढताना बघ, तसं. तिनं लेकीला पिक्चर पहिल्यापासून लावायला लावला. पाट्या आल्या. सुलट होत्या. तिनं त्या एकेक करून वाचल्या. मग म्हणाली, मुरुडला बायका मागं बसायच्या, न्हाई का. मी हाव म्हणलो.

तिनं फोन लेकीला परत दिला. "तुमचाच पिक्चर चांगला होता," म्हणाली.

मग मी तिच्या बाजूनं भांडायला लागलो. म्हणलं, माझ्यात काय हाय, नुसती धूळ. म्हणलं, तुझ्या पिक्चरमुळं माझा बाप तुझ्या हातचं जेवला, ते काय खोटं हाय का? तू म्हणायचीस ना, घोडेवाल्याला भाकर कोण देतं, म्हण की आता. लेकीसमोर मला रडू आवरंना. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ. चांगला होता तुमचा."

तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली आणि सवयीनं उजव्या बाजूला उभी राहिली. हिनं उजवा हात चादरीत घेतला आणि डावा पुढं केला. ह्याला लावा, म्हणाली, ह्यात शिरा चांगल्या हायत. सिस्टर माझ्याकडं बघायली. मी खिडकीकडं बघत राहिलो. सिस्टरला पहिल्याच वेळी शीर सापडली.

दुपारी लेकीनं चमच्यानं पेज भरवली, आणि ती निमूट जेवली.