मोटरीचं चाक आणि माझी हवेली

आधीच सांगते – करणी, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी मानत नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, पोरांच्या गळ्यातले ताईत काढायला लावले. म्हणूनच हे लिहायची लाज वाटते. नात टाइप करून राहिली आहे आणि मधूनच हसते आहे. हसू दे.

साठ-बासष्टचा काळ असेल. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर माझं लग्न लागलं. आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना सजवलेल्या बैलावर उभी राहते आणि हात वर करून, रडत-गात बापाच्या घराला आशीर्वाद देते. त्याला हवेली म्हणतात. मी पडले सातवी शिकलेली! सासर नेरचं, नवरा मास्तर, न्यायला मोटर येणार. आदल्या दिवशी मी बापूला, म्हणजे वडिलांना, ठणकावलं (बोललो आमच्या गोरबोलीत, पण तुम्हाला कळावं म्हणून असं लिहिते), "मी काई बैलावर चढून गळा काढनार नाई. ते लोक हासतीन." बापू "बरं" म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

मोटर मामेसासऱ्यांची, जुनाट. मागचे ब्रेक पार झिजलेले, म्हणून त्यांनी दिग्रसच्या बशीरभाई मिस्त्रींकडून नवे लायनर, म्हणजे चाकाला आतून घासून थांबवणाऱ्या पट्ट्या, बसवून घेतले होते. वाटेत दगा नको म्हणून मिस्त्रींनाच सोबत आणलं होतं. मी बसले, मोटर हातभर सरकली... आणि मागची चाकं गच्च!

"नया माल है, पकडता है," बशीरभाई म्हणाले. जॅक लावला, ब्रेक सैल केले. चाक हातानं गरगर फिरलं. मी बसले – गच्च. अहो, हवेत असलेलं चाक! सासूबाई बसल्या, चांगल्या दोन पोत्यांच्या, तरी फिरतंय. मी बसले की गच्च. शेवटी त्या माणसानं भर उन्हात चाकं उतरवली, नवे लायनर काढले आणि डिकीतले जुने, रिव्हेट उघडे पडलेले पुन्हा चढवले. त्या झिजलेल्यांनीही तसंच धरलं.

"बेटी, जरा उतर... अब बैठ... फिर उतर." अख्खा तांडा बघतोय. वऱ्हाडातली एक बाई बोललीच, "पोरीचा पायगुनच असा दिसून राह्यला." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात सासरे ओरडले, "काढा तो जॅक, अन् ढकला रे!"

मी मागच्या काचेतून पाहिलं. ढकलणाऱ्यांत बापू होता. नवं धोतर धुळीत, खांदा मोटरीला लावलेला, अन् तो आपल्याच पोरीला ढकलून राहिला होता. आणि मला या माणसाची लाज वाटली होती!

मी उतरले. "बापू, बैल आन."

"राहू दे बाई. ते लोक हासतीन."

"हासू दे. आन तू."

बैल घरामागेच बांधलेला होता. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. मी नाही म्हटलेलं असूनही पहाटे उठून त्यानं तो सजवला होता.

चढले खरी, पण आवाजच फुटेना. वऱ्हाडात कोणीतरी फिसकन हसलं. मग याडीनं, माझ्या आईनं, खालून सूर धरला. मी बापाच्या घराला, भावांना, गाईगुरांना सुख मागत गेले, रडत गेले. बापू कासरा धरून, तोंड फिरवून उभा होता.

मग मोटरीत बसले. पहिल्याच झटक्यात निघाली! त्याच जुन्या ब्रेकांवर, बैलगाडीच्या चालीनं आम्ही नेर गाठलं.

नवरा पुढं विज्ञान शिकवायचा. म्हणायचा, येताना ब्रेकचे ड्रम तापून अडकले होते, हवेली होईतोवर थंड झाले. असेलही. मग सासूबाई बसल्या तेव्हा चाक कसं फिरलं, विचारलं की चष्मा पुसत बसायचा.

पण मोटरीचं सोडा. ती पहिल्याच वेळी नीट चालली असती तर मी तशीच निघून गेले असते. बापूनं घरामागे जाऊन बैलाची झूल उतरवली असती, घडी घालून ठेवली असती, आणि मला जन्मात कधी सांगितलं नसतं.