रजेचं कारण

आज सकाळी मी एका मेलेल्या बाईकडे रजा मागितली.

सवयीने. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर आलं, 'मंजुरीसाठी: सुजाता मॅडम.'

रजा तिच्याच अंत्ययात्रेला जायला हवी होती.

सुजाताताई. आमच्या एअरपोर्टच्या एचआरमधली माझी बॉस. नायगावच्या चाळीत जन्मली, तिथेच राहिली. आज पहाटे झोपेतच गेली. चाळकऱ्यांसाठी टॉवर होतोय, वरचा मजला मिळाला तर तुम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावीन, असं परवाच म्हणाली होती.

काही वर्षांपूर्वी एअरपोर्टवर ईआरपी आलं. म्हणजे पगार, रजा, स्टोअरचं सामान, बिलं, सगळं एकाच सिस्टिममध्ये. तोपर्यंत रजेचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा आणि मधेच कुठेतरी समाधी घ्यायचा.

रजेचं काम आम्हा दोघींकडे आलं. सेटिंग मी करायची, भांडायचं ताईने.

सिस्टिम बसवायला आलेला कन्सल्टंट म्हणाला, "मॅडम, कारण विचारायची गरजच नाही. रजा शिल्लक असेल तर सिस्टिम आपोआप मंजूर करेल. जगभर असंच चालतं."

"म्हणजे माणसाने विचारायचंच नाही?"

"विचारून करायचंय काय?"

ताईने पेन खाली ठेवलं.

"आमच्या चाळीत कुणी पिशवी घेऊन जिना उतरायला लागलं की गॅलरीतून आवाज येतो, कुठे निघालीस गं? अडवायला नाही विचारत कोणी. यायला उशीर झाला तर कुठे शोधायचं ते कळावं म्हणून विचारतात."

कन्सल्टंटने माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

शेवटी वैतागून त्याने कारणासाठी एक बॉक्स दिला. एवढासा. मराठीतलं एक धड वाक्य मावायचं नाही त्यात.

आणि आमची माणसं! 'घरगुती कारण' लिहून मोकळं व्हावं की नाही? छे. सगळी रामकहाणी. सिस्टिम चालू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात गणपतचा अर्ज आला. गणपत म्हणजे विमानात बॅगा चढवणारा आमचा लोडर. त्याने लिहिलं होतं,

'मेव्हण्याच्या साखरपुड्याला जायचंय पण बायको म्हणते की'

बॉक्स संपला.

ताईने लगेच फोन लावला. "जय भीम गणपत. काय म्हणते बायको?"

चांगला बराच वेळ चालला तो फोन. मधेच ताई हसून हसून खोकायला लागली. रजा मंजूर.

मग रोजचंच झालं. अर्ध्यात तुटलेली वाक्यं यायची आणि ताई पुढचं विचारायला फोन करायची. ऑटोमॅटिक सिस्टिम घेतली आणि फोनचं काम वाढलं, असं साहेब लोक म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

मी एकदा म्हटलं, "ताई, बॉक्स मोठा करून देते ना. माझ्या हातातलं आहे."

"नको गं सोने. तुटलेलंच बरं. पूर्ण लिहिलं की आपण वाचतो आणि सोडून देतो."

बाबांना परळला अॅडमिट केलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोबाइलवर अर्ज भरला होता. काय लिहिलं ते आठवतही नव्हतं. फोन वाजला.

"सोने, डॉक्टर काय म्हणतात?"

बस्स, एवढंच. तोपर्यंत लालबागचे सगळे नातेवाईक मला धीर धर, धीर धर सांगत होते. पुढचं वाक्य कोणी विचारलंच नव्हतं. मी जिन्यातच हमसून रडले. संध्याकाळी ताई डबा घेऊन हजर. बाबा घरी आले तेव्हाही आधी तिला कळवलं, मग आत्याला.

आज सकाळी शिफ्ट मॅनेजरचा फोन आला. "सोनाली, सगळ्यांच्या रजा सुजाता मॅडमकडे अडकल्यात. नाव बदल. मंजुरी तुझ्याकडे घे."

हे काम माझंच. तिचं नाव काढायचं आणि तिथे माझं टाकायचं. तिच्या नावावर क्लिक करून दोनदा मागे आले. पण दुपारी अंत्ययात्रा होती आणि माणसं खोळंबली होती.

बदललं.

अडकलेले सगळे अर्ज माझ्याकडे आले. जवळजवळ सगळे आजचेच, एकाच कामासाठी. ती गेल्याचं माहीत असूनही तिलाच लिहिलेले.

'मॅडम तुम्हाला शेवटचं बघायला येतोय दुपारची शिफ्ट शिंदेकडे'

'ताई माझ्या मुलीच्या अॅडमिशनला तुम्ही आला होतात तेव्हा'

आणि गणपतचा,

'मॅडम आज तुम्ही फोन नाही केला तरी'

मी उठून ताईच्या टेबलाशी गेले. तिच्या फोनवरून त्याला लावला.

"गणपत, नाही केला तरी काय?"

पलीकडे बॅगांच्या पट्ट्याचा आवाज येत होता. तो म्हणाला, "नाही केला तरी येणार होतो, मॅडम."

प्रत्येकाला फोन केला. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, विमानं कुणासाठी थांबत नाहीत. त्यांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या. कोणी चाळीत येऊन गेलं, कोणी थेट स्मशानात.

एकच अर्ज राहिला. माझा. तो तेवढा तिच्याकडेच राहिला, कारण स्वतःची रजा स्वतः मंजूर करता येत नाही. नियम ताईचाच. साहेब म्हणाले, तू निघ, कागदाचं नंतर बघू.

ताई, तुला पोहोचवून आत्ताच घरी आलेय. अर्ज उघडून बघितला. मीही लांबलचक लिहिलं होतं. बॉक्समध्ये मावलंय ते एवढंच,

'ताई बाबांच्या वेळी तू विचारलंस तसं आता मला'

पुढचं विचारायला तुझा फोन येणार नाही, हे कळतंय गं. तरी हा अर्ज मी मागे घेणार नाही. राहू दे तुझ्याकडे.

उद्यापासून फोन मी करेन.

जय भीम, ताई.